लादी काढायची की घासायची?

घराला पंचवीस-तीस वर्षं झाली की हा प्रश्न बहुतेक कुटुंबांत निघतो. हॉलमधली लादी दरवाज्यापासून मोरीपर्यंत एका पट्ट्यात निस्तेज झालेली असते. कपाटाखाली मात्र तीच लादी अजून चकाकत असते. कुणी म्हणतं, वरून टाइल्स टाकून घ्या, दोन दिवसांत मोकळे. कुणी म्हणतं, उखडून नवी बसवा. तिसरं कुणी पॉलिशवाल्याचा नंबर देतं, आणि लगेच शंका येते: पॉलिश म्हणजे वरून काहीतरी फासणार, ते टिकणार किती?

ही शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर या प्रकरणाचा गाभा आहे. नीट केलेल्या पॉलिशमध्ये वरून काही फासत नाहीत. दगडाचा जखमी झालेला वरचा थर काढून टाकतात आणि त्याच दगडाचा खालचा, धडधाकट भाग वर आणतात. म्हणून ते टिकतं. आणि म्हणूनच ते जपून करायचं असतं, कारण दर वेळी थोडा दगड खर्च होतो.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात हा प्रश्न अधिकच जवळचा आहे. इथे घरं तीन-चार पिढ्यांची आहेत. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीचं उल्हासनगर झालं. अंबरनाथला दारूगोळ्याचा कारखाना आला, पुढे औद्योगिक वसाहत आली, कामगारांच्या चाळी आणि सोसायट्या उभ्या राहिल्या. बदलापूर गावात जुनी घरं आहेत आणि स्टेशनच्या दोन्ही अंगांना नव्या इमारतींची रांग आहे. त्यामुळे एकाच रिक्षाच्या अंतरात शहाबादी फरशी, कोटा, मोझॅक, संगमरवर आणि ग्रॅनाइट, सगळं पायाखाली येतं.

१. पायाखाली कोणता दगड आहे?

मशीन बोलावण्याआधी हे कळायलाच हवं, कारण प्रत्येक दगडाची रीत वेगळी.

शहाबादी फरशी ही कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातली. रंग करडा, कधी निळसर, आणि दगड मुळातच थरांचा. काळा कडप्पा आंध्रातल्या कडप्पा भागातला. आपल्या जुन्या स्वयंपाकघरांतला ओटा बहुधा त्याचाच. कोटा राजस्थानातला, हिरवट-करडा. हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत. शहाबाद आणि कडप्पा ही दोन्ही ठिकाणं बदलापूर-अंबरनाथवरून जाणाऱ्या रेल्वेमार्गावर आहेत. कल्याणहून कर्जत, पुणे, सोलापूर करत निघालेला हा मार्ग १८७१ साली रायचूरला पोहोचला आणि मद्रासच्या मार्गाला मिळाला. आपण रोज ज्या रुळांवरून कामाला जातो, त्याच रुळांवर पुढे आपल्या घरातल्या फरशीचं गाव आहे, हे मला फार आवडतं.

संगमरवर म्हणजे पृथ्वीच्या पोटात उष्णतेने आणि दाबाने पुन्हा घडलेली चुनखडीच. ग्रॅनाइट मात्र सर्वस्वी वेगळा, तापलेला रस थंड होऊन झालेला आणि पुष्कळ कठीण. मोझॅक हा खरं तर नैसर्गिक दगड नाही. ती सिमेंटची लादी आहे. तिच्या वरच्या थरात संगमरवराचे तुकडे बसवलेले असतात. पण घासण्याच्या कामात ती संगमरवराचीच बहीण, म्हणून इथे तिलाही घेतलं आहे.

घरच्या घरी ओळखायची एक सोपी परीक्षा आहे. दाराआड किंवा कपाटाखाली, जिथे कुणाची नजर जाणार नाही अशा कोपऱ्यात, लिंबाच्या रसाचा एक थेंब टाका. पाच मिनिटांनी पुसा. तिथे फिकट, मंद डाग उरला तर दगड चुन्याच्या जातीचा. काहीच झालं नाही तर बहुधा ग्रॅनाइट. डागाची काळजी नको, पुढे मशीन तोही काढणार आहे.

२. चमक जाते म्हणजे नेमकं काय होतं?

स्टीलचं नवं ताट आठवा. त्यात चेहरा दिसतो. चार वर्षं ते तारेच्या घासणीने घासलं की चेहरा दिसेनासा होतो. ताट झिजून पातळ झालेलं नसतं, स्टीलही तेच असतं. फक्त त्यावर हजारो बारीक ओरखडे पडलेले असतात. सपाट पृष्ठभागावरून प्रकाश एका दिशेने परततो, ओरखड्यांवरून तो सैरावैरा फेकला जातो, आणि आपल्या डोळ्याला ते निस्तेज दिसतं. लादीचं अगदी असंच होतं.

मग लादीवर घासणी फिरवतं कोण? आपलीच चप्पल, आणि तिच्याखालची धूळ. जर्मन खनिजतज्ज्ञ फ्रीडरिश मोह्स याने १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची एक पट्टी मांडली. तिच्यात सर्वांत मऊ शंखजिरे १ वर आणि हिरा १० वर. नियम साधा आहे: वरच्या क्रमांकाचं खनिज खालच्या क्रमांकाच्या खनिजावर ओरखडा काढतं. संगमरवर, कोटा, शहाबादी आणि कडप्पा ज्या खनिजाचे प्रामुख्याने बनलेले आहेत, त्या कॅल्साइटचा क्रमांक ३. वाळूतल्या गारेचा क्रमांक ७. आपल्या भागातला काळा कातळ म्हणजे बेसॉल्ट. त्यातली मुख्य खनिजं ५ ते ६ च्या घरात. म्हणजे नदीची रेती असो, खडी केंद्रातली कच असो की डोंगरावरून वाहून आलेल्या मातीतली बारीक रेव, ती संगमरवराहून कठीणच आहे. बदलापूर-अंबरनाथमध्ये गल्लीगल्लीत बांधकाम चालू आहे. त्या रेतीचे कण चपलेबरोबर घरात येतात आणि दरवाजा ते मोरी हा रोजचा रस्ता घासून काढतात. कपाटाखाली पाय पोहोचत नाहीत, म्हणून तिथली चमक शाबूत राहते.

दुसरा शत्रू आंबट. आम्ल लागलं की कॅल्साइट विरघळतं आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघतो. लिंबू, चिंच, आमसुलाचं आगळ, ताक सांडून तसंच राहिलं की तिथे मंद ठिपका उमटतो. हे थेंबाथेंबाचं नुकसान. खरा घात करतं ते संडास साफ करायचं अ‍ॅसिड. लादी काळी पडली म्हणून पाण्यात अ‍ॅसिड घालून सगळी खोली धुतली की मळ जातो, लादी दोन दिवस पांढरीशुभ्र वाटते, पण पृष्ठभाग खरखरीत झालेला असतो. खरखरीत जागी मळ दुप्पट बसतो. मग पुन्हा अ‍ॅसिड. संगमरवराच्या किंवा मोझॅकच्या लादीवर अ‍ॅसिड ओतू नये, हे मी कळकळीने सांगतो. बाकीच्या चुका मशीन बरीचशी निस्तरतं, पण वर्षानुवर्षं अ‍ॅसिडने खाल्लेल्या मोझॅकमधलं सिमेंट खोल गेलेलं असतं आणि दगडाचे तुकडे उघडे पडलेले असतात. ते वाचवणं अवघड.

नुकसान किती आहे ते रात्री पाहावं. दिवे बंद करा, मोबाईलची बॅटरी लावून तो लादीवर आडवा ठेवा. प्रकाश जमिनीला घासत जातो आणि प्रत्येक ओरखडा, दोन लाद्यांमधली प्रत्येक उंच कड, प्रत्येक खळगा सावली टाकतो. दिवसा जी लादी फक्त निस्तेज वाटत होती, तिची सगळी कहाणी इथे वाचता येते.

३. नंबरांची चढण

पॉलिशवाला म्हणतो, ‘साठपासून सुरू करू, तीन हजारपर्यंत नेऊ.’ हे नंबर कसले?

ते चाळणीचे आहेत. घासण्याची पूड ज्या चाळणीतून गाळली, तिच्यात एका इंचात जितकी भोकं, तितका तिचा नंबर. एका इंचात २५.४ मिलिमीटर. साठ भोकं म्हटली तर प्रत्येकाच्या वाट्याला ०.४२ मिलिमीटर येतात. त्यातली थोडी जागा तार खाते, उरतं पाव मिलिमीटर. म्हणून ६० नंबरचा कण पाव मिलिमीटरचा. १२० नंबरचा त्याच्या निम्मा. नंबर मोठा तितका कण बारीक. फार बारीक पूड चाळणीने गाळता येत नाही, तेव्हा ती पाण्यात किती सावकाश खाली बसते यावरून तिची प्रत ठरवतात. ३००० नंबरचा कण मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाच्या आसपास असतो.

पूड कशाची? पूर्वीपासून चालत आलेली म्हणजे कार्बोरंडमची. अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसनने १८९१ मध्ये चिकणमाती आणि कोकची पूड विजेच्या भट्टीत तापवून ती बनवली. कठीणपणात ती हिऱ्याच्या खालोखालच्या मोजक्या पदार्थांपैकी. तिचे ठोकळे मशीनच्या चकतीखाली बसवतात. अलीकडच्या ‘डायमंड पॉलिश’मध्ये खरोखरच हिऱ्याची पूड असते, पण ती खाणीतल्या नव्हे तर कारखान्यात घडवलेल्या हिऱ्याची.

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक नंबर दोन कामं करतो: आधीच्या नंबरचे ओरखडे पुसतो आणि स्वतःचे, जरा बारीक, मागे ठेवतो. पुढचा नंबर ते पुसतो. अशी पायरीपायरीने चढण करत ओरखडे इतके सूक्ष्म होतात की डोळ्याला ते दिसतच नाहीत आणि प्रकाश सरळ परतू लागतो. चमक येते ती तिथे.

म्हणून पायरी गाळता येत नाही. ६० वरून एकदम ४०० वर उडी मारली तर ४०० चा कण ६० चे खोल चरे पुसू शकत नाही. तो फक्त त्यांच्या कडा चमकवतो. खोली संपते, हिशेब होतो, आणि आठवड्याने संध्याकाळचं ऊन तिरकं आत आलं की चकचकीत लादीवर गोल गोल चरे दिसू लागतात. हे वाईट कामाचं सर्वांत ओळखीचं लक्षण. दर पायरीला नंबर साधारण दुप्पट, असा अंदाज ठेवावा: ५०, १००, २००, ४००, ८००, १५००, ३०००.

चांगला कारागीर आणखी एक गोष्ट करतो, ती जवळून पाहण्यासारखी आहे. घासायला सुरुवात करण्यापूर्वी तो पेन्सिलीने लादीवर आडव्या-उभ्या रेघा मारतो. पहिली फेरी झाल्यावर पाणी पुसून पाहतो. उंच भागावरच्या रेघा गेलेल्या असतात, खळग्यांतल्या तशाच असतात. सगळ्या रेघा जाईपर्यंत तो नंबर बदलत नाही. पुढची फेरी तो आधीच्या फेरीला आडवी मारतो, म्हणजे राहून गेलेला चरा लगेच उठून दिसतो.

प्रत्येक लादीला साठपासून सुरुवात करायची गरज नसते, हेही ध्यानात ठेवा. दोन लाद्या खालीवर असतील, खोल चरे असतील, तरच जाड नंबर. लाद्या एका पातळीत असून फक्त तेज गेलं असेल तर २०० पासून सुरू करूनही भागतं आणि दगड वाचतो. नखाची कसोटी घ्या: ओरखड्यावरून नख फिरवताना ते अडकलं तर जाड नंबर लागेल, अडकलं नाही तर बहुधा नाही.

४. एका खोलीचा हिशेब

दहा बाय बाराची खोली घेऊ. क्षेत्रफळ १२० चौरस फूट, म्हणजे सुमारे ११.१५ चौरस मीटर. समजा पातळी साधण्यासाठी सगळीकडून एक मिलिमीटर दगड काढला. ११.१५ चौरस मीटरवरचा एक मिलिमीटरचा थर म्हणजे ११.१५ लिटर दगड. संगमरवर पाण्याच्या २.७ पट जड. गुणाकार केला की ३० किलो येतात. एका खोलीतून तीस किलो दगड पीठ होऊन पाण्यात मिसळतो!

हा पांढरा चिखल जातो कुठे? बहुतेक घरांत मोरीत. आणि मग महिन्याभरात मोरी तुंबते, कारण तो चिखल पाइपच्या वळणात बसून घट्ट होतो. मोझॅकच्या चिखलात सिमेंटही असतं, तो तर आणखी चिवट. चिखल सुपलीने बादलीत भरावा, रात्रभर खाली बसू द्यावा, वरचं निवळलेलं पाणी पुन्हा मशीनला वापरावं आणि गाळ गोणीत भरून राडारोड्याबरोबर द्यावा. आपल्या शहरांत पाणी काही तास येतं, तेव्हा ही पाण्याची बचतही लहान नाही.

आता हेच गणित दुसऱ्या पर्यायाला लावू. जुन्या लादीवर टाइल्स चढवायच्या ठरवल्या. खाली अडीच सेंटिमीटर सिमेंट-रेतीचा माल आणि वर नऊ मिलिमीटरची टाइल. मालाचं वजन साडेपाचशे किलोच्या वर, टाइल्सचं सव्वादोनशेच्या वर. मिळून जवळपास आठशे किलो. चिकटवणारी पावडर वापरून थर पातळ केला तरी तीनशे किलोच्या पुढे. एका खोलीच्या स्लॅबवर हे वजन कायमचं बसतं. राहत्या खोलीच्या स्लॅबची रचना करताना माणसं आणि सामान मिळून दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरण्याचा भारतीय मानक नियम आहे. मालावर बसवलेल्या नव्या लादीने दर चौरस मीटरला सत्तरच्या वर किलो आधीच खाल्ले. म्हणजे एक-तृतीयांशाहून अधिक.

मे २०२१ मध्ये उल्हासनगरात दोन आठवड्यांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं गेली. अशा दुर्घटनांमागे कारणं अनेक असतात आणि लादीवर लादी हेच त्यांचं कारण होतं असं मी म्हणत नाही. पण ज्या शहरात जुन्या इमारतींच्या स्लॅबची चिंता रोजची आहे, तिथे कुणी सहज आठशे किलो वर चढवावेत हे मला पटत नाही. उखडायची म्हटली तरी घणाचे हादरे त्याच स्लॅबला बसतात आणि जुनी लादी व तिच्याखालचा माल मिळून टनाहून अधिक राडारोडा जिन्यावरून उतरवावा लागतो. घासण्याने वजन वाढत नाही, तीस किलो कमीच होतं.

इमारत तीस वर्षांवरची असेल, छताचा गिलावा सुटत असेल, सळ्या दिसत असतील, तर मात्र आधी स्ट्रक्चरल ऑडिट. लादीचा विचार त्यानंतर.

५. मशीन आत येण्याआधी

लादी वाजवून पाहा. लाकडी दांड्याने किंवा नाण्याने प्रत्येक लादीवर टकटक करा. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ वाजली तर तिच्याखालचा माल सुटला आहे. मशीनच्या वजनाने आणि थरथरीने ती हलेल, तडकेल. अशी लादी आधी काढून पुन्हा बसवून घ्यावी. सांध्यांतला जुना मळ खरवडून त्यात पांढरं सिमेंट आणि लादीच्या रंगाची पूड भरावी. मोझॅकला तर पहिल्या जाड घासण्यानंतर पूर्ण पृष्ठभागावर सिमेंटचा पातळ घोळ फिरवतात, म्हणजे सुईच्या टोकाएवढी छिद्रंही बुजतात. तो सुकून पक्का होईपर्यंत काम थांबवावं लागतं. ‘एका दिवसात करून देतो’ म्हणणाऱ्याला ही पायरी कधी करणार ते विचारा.

विजेची बाब गंभीर आहे. तीन हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे सव्वादोन किलोवॉट. २३० व्होल्टला भागलं की दहा अँपिअरच्या जवळ येतं, प्रत्यक्षात मोटर त्याहून अधिकच घेते आणि चालू होताना तर ती कितीतरी पट ओढते. टीव्हीच्या पाच अँपिअरच्या पॉइंटवर तिचं काम नाही. अर्थिंग असलेला पंधरा अँपिअरचा पॉइंटच हवा. कारागीर अनवाणी, ओल्या लादीवर, विजेचं यंत्र धरून उभा असतो. घरात गळती पकडून वीज तोडणारा ब्रेकर नसेल तर या कामाच्या निमित्ताने बसवून घ्यावा. तो पुढे घरच्यांच्याही कामी येतो.

त्याच माणसाच्या फुप्फुसाचाही विचार व्हायला हवा. मुख्य मशीन पाण्यावर चालतं, धूळ उडत नाही. पण भिंतीलगतची दोन-तीन इंचांची कड आणि पायऱ्या हातमशीनने, पुष्कळदा कोरड्याच, घासतात. ग्रॅनाइटमध्ये गार भरपूर असते आणि तिची अतिसूक्ष्म धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली की सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. कड घासतानाही पाणी मारायला सांगा, तोंडाला नुसता रुमाल नको, नीट बसणारा मास्क असावा. हे सांगायला घरमालकाला दोन मिनिटं लागतात.

खालच्या मजल्यावर आधी सांगून ठेवावं. जुन्या सांध्यांतून पाणी झिरपून त्यांच्या छतावर ओल उतरू शकते.

६. शेवटचा हात

चुन्याच्या जातीच्या दगडाला आपल्याकडे शेवटी ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पूड लावतात. आत्ताच तर अ‍ॅसिडला शत्रू म्हटलं, मग हे काय? संडासाचं अ‍ॅसिड कॅल्साइट विरघळवून धुऊन नेतं. ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची कॅल्साइटशी क्रिया झाली की पाण्यात न विरघळणारा कॅल्शियम ऑक्झॅलेट तयार होतो, तो जागेवरच राहतो आणि रगडता रगडता गुळगुळीत होतो. सरकारी बांधकामाच्या नियमांत प्रमाणही ठरलेलं आहे: दर चौरस मीटरला ३३ ग्रॅम पूड, वर पाणी शिंपडून नमद्याने, म्हणजे लोकरीच्या चिंध्यांच्या जाड गादीने, जोरात रगडायची. आपल्या खोलीला ३७० ग्रॅमच्या आत. ही पूड विषारी आहे, तेव्हा त्या दिवशी लहान मुलं घरात नकोत. ग्रॅनाइटमध्ये कॅल्साइट नाही, त्यामुळे त्याला या पुडीचा उपयोग नाही. त्याची चमक बारीक नंबरांवर आणि शेवटच्या खास पावडरीवर अवलंबून.

कोट्याकडून आरशाची अपेक्षा करू नये. त्याला सौम्य, ओलसर वाटणारी झळाळी येते आणि तीच त्याला शोभते.

फसवणूक होते ती मेणाने. ४०० पर्यंत घासून थांबायचं आणि वर मेण किंवा लिक्विड पॉलिश फिरवायचं. संध्याकाळी लादी लखलखते, दोन महिन्यांत उतरते. ओळखायचं असेल तर पैसे चुकते करण्यापूर्वी एका कोपऱ्यात गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने जोर लावून घासून पाहा. दगडाची चमक जागची हलत नाही. त्याहून बरं म्हणजे काम ठरवतानाच दाराआडच्या एका लादीवर शेवटच्या नंबरपर्यंत नमुना करून घ्यावा, आणि कोणत्या नंबरपर्यंत नेणार, कड व स्कर्टिंग धरली आहे का, चिखल कोण उचलणार, हे कागदावर लिहून घ्यावं.

तेलाचे खोल डाग घासून जात नाहीत. देव्हाऱ्यापुढे समईचं तेल वर्षानुवर्षं मुरलेलं असतं. त्याला खडूची पूड आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जाड लेप द्यावा, प्लॅस्टिक झाकून एक दिवस ठेवावा, मग उघडून सुकू द्यावा. सुकताना लेप तेल वर ओढतो. दोन-तीनदा करावं लागतं.

७. मशीन कुठे लावू नये

मोझॅकच्या लादीचा दगडी थर वरचे पाच-सहा मिलिमीटरच असतो, खाली नुसतं सिमेंट. दोनदा-तीनदा जाड घासणं झालं असेल तर पुढच्या वेळी सिमेंट उघडं पडण्याची भीती. सोळा-अठरा मिलिमीटरचा संगमरवर पिढ्यान्‌पिढ्या पुरतो. पातळ शहाबादी फरशीचे पापुद्रे सुटत असतील तर मशीन लावू नये. घासताना थराखालचा थर उचकटतो. ती काढून बदलणंच बरं.

आणि एक जागा अशी, जिथे हा विचारच करायचा नाही. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा. शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला. वालधुनीच्या काठी, इथल्याच काळ्या कातळात ते उभं आहे. गाभारा मंडपाच्या पातळीहून खाली आहे, वीसेक पायऱ्या उतरून जावं लागतं. साडेनऊशेहून अधिक वर्षं माणसं त्या उतरत आली आहेत. महाशिवरात्रीला तर रांग संपत नाही. त्या दगडावरची झीज हा इतिहासाचा पुरावा आहे, आणि मंदिर केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक असल्याने तिथल्या दगडाला पुरातत्त्व खात्याखेरीज कुणी हात लावू शकत नाही. हाच विचार गावातल्या लहान देवळांनाही लागू करावा असं मला मनापासून वाटतं. जीर्णोद्धाराच्या उत्साहात जुनी कोरीव उंबरठ्याची शिळा मशीनखाली जाते, कोरीव रेषा बुजतात आणि त्या कुठल्याच नंबरने परत येत नाहीत.

८. पुराचं पाणी आणि पावसाळा

२६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीचं पाणी बदलापुरात घरांत शिरलं. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. नदीकाठच्या तळमजल्यांना पाण्याची धास्ती दर वर्षीच असते.

पूर ओसरला की लादीवर गाळ, डाग, रंग उतरल्याची कळा. लगेच पॉलिशवाल्याला बोलावण्याची घाई होते. थांबा. पाणी सांध्यांतून खाली उतरून मालात आणि जमिनीत मुरलेलं असतं. ते पुढचे कित्येक महिने हळूहळू वर येतं आणि येताना क्षार आणतं. पृष्ठभागाशी पाणी उडतं, क्षार मागे राहतात, आणि लादीवर पांढरी पूड फुटते. आपण त्याला लोणा म्हणतो. लोणा सांध्यांजवळचा दगड आतून फोडतो. ओल्या लादीला पॉलिश करून वर छिद्रं बुजवणारं रसायन लावलं तर ती ओल आतच कोंडते आणि नुकसान वाढतं.

म्हणून आधी गाळ साध्या पाण्याने धुवा, लोणा कोरड्या ब्रशने झाडा, ओल्या फडक्याने नको, नाहीतर तो पुन्हा विरघळून आत जाईल. मग दीड फूट बाय दीड फूट स्वच्छ प्लॅस्टिक लादीवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीने बंद करा. दुसऱ्या दिवशी उचला. आतल्या बाजूला दव जमलं असेल किंवा खालची लादी आजूबाजूपेक्षा गडद दिसत असेल, तर अजून ओल आहे. महिन्याने पुन्हा करा. दोन-तीन ठिकाणी, विशेषतः मोरीजवळ आणि बाहेरच्या भिंतीलगत.

पूर न आलेल्या घरांतही गणपतीच्या तोंडावर पॉलिशचं काम काढणं सोयीचं वाटलं तरी हवेतली ओल पाहता ती वेळ वाईट. दिवाळी उलटल्यापासून होळीपर्यंतचा काळ उत्तम: हवा कोरडी, सांध्यांतलं सिमेंट नीट पक्कं होतं, छिद्रं बुजवणारं रसायन लावलं तर तेही वेळेत सुकतं. काम झाल्यावर पहिले आठ दिवस रबरी तळाची पायपुसणी लादीवर टाकू नयेत, खाली ओल अडकून चौकोन उमटतो. आठ दिवसांनी मात्र दरवाज्याबाहेर एक काथ्याचं आणि आत एक सुती पायपुसणं जरूर टाका, आणि रोज केर काढल्याशिवाय ओलं फडकं मारू नका. रेती तशीच ठेवून फडकं फिरवलं की तीच पुन्हा घासणी होते.